चाळीस अंगठे

माउसच्या पोटातली रबरी गोळी खरवडताना नखाखाली करड्या मळाच्या बारीक सुरळ्या निघत होत्या, आणि स्वानंदी त्या एका कागदावर जमवत बसली होती, जणू त्यांचं पुढे काही करायचं आहे. गोळी केव्हाच स्वच्छ झाली होती. आतल्या दोन्ही दांड्याही तिनं ओल्या कापसानं पुसल्या होत्या. आता गोळी आत टाकायची, झाकण फिरवायचं आणि पडद्यावर ठळक अक्षरांत ताटकळलेला तो चौथा निरोप उघडायचा, एवढंच काम उरलं होतं. तेवढंच करायचं नव्हतं, म्हणून ती गोळी पुन्हा पुसत होती. काम टाळायला स्वच्छतेइतकं सोवळं निमित्त माणसाला दुसरं मिळत नाही.

निरोप भारतचा होता. भारतला तिनं कधी पाहिलं नव्हतं. मालेगावच्या पलीकडे कुठल्याशा गावात त्याचं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं, आणि तिथल्या कॉम्प्युटरवरून तो इंटरनेटवरच्या त्यांच्या कम्युनिटीत यायचा. ‘इतिहासातली पिशाच्चं’ असं कम्युनिटीचं नाव, सभासद अकराशे. मागच्या वर्षी, दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, स्वानंदी तिथे शिरली तेव्हा घरबसल्या आपल्यासारखी इतकी वेडी माणसं सापडतील असं तिला वाटलं नव्हतं. कुणी एखाद्या सुभेदाराला स्वतःचं मुंडकं काखेत धरून गडाच्या पायऱ्या उतरायला लावी, कुणी दिवाणाला वटवाघळाचे पंख चिकटवी, कुणी एखाद्या राणीसाहेबांचे पाय उलटे काढी आणि मग त्यावरून आठवडाभर हातघाईची लढाई चाले. तिथे तिचं नाव ‘गोदाकाठची’. घरात यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. मुलगी कमर्शिअल आर्ट शिकली म्हणजे लग्नपत्रिका बऱ्या करते, इथवरच आईची समजूत होती, आणि बाबांची तर तेवढीही नव्हती.

सुभानजीचं चित्र तिनं माघात टाकलं. सुभानजी म्हणजे पेशवाईतला एक किरकोळ सरदार. इतिहासानं त्याला दीड ओळ दिली होती — चाळीस स्वारांनिशी गोदेच्या पुरात घोडा घातला आणि परत दिसला नाही. त्या दीड ओळीवर ती महिनाभर जगली. काळं पाणी, त्यातून छातीपर्यंत वर आलेले घोडे, पुढे सुभानजी, मागे चाळीस… पण चाळीसांचे चेहरे जमेनात. काढावा तो चेहरा नाटकातल्या खलनायकासारखा दिसे. तिनं काढले, पुसले, पुन्हा काढले. शेवटी चिडून पुरे म्हणाली आणि बाबांच्या वह्या स्कॅन करायला बसली, कारण तेही काम अंगावर पडलं होतंच — आणि स्कॅनरचा हिरवट उजेड त्या पिवळ्या पानाखालून सरकत गेला, पडद्यावर पान वरून खाली उलगडत आलं, आणि समासात एक चेहरा होता.

अंगठा होता तो. लिहिता न येणाऱ्या कुणीतरी शाईत बुडवून उठवलेला डावा अंगठा. पण मोठा केल्यावर… डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही; नुसती वर्तुळात वर्तुळं, बुडालेल्या माणसावरून पाणी मिटत जावं तशी. स्वानंदीनं त्या एका वहीतून चाळीस अंगठे उचलले, एकेक पागोट्याखाली बसवला, आणि प्रत्येकाखाली त्या अंगठ्यासमोरचं मेलेल्या माणसाचं नाव बारीक अक्षरात लिहिलं. नावांमुळे चित्र एकदम खरं झालं. टाकलं त्या दिवशी तिच्या स्क्रॅपबुकात, म्हणजे निरोपांच्या पानावर, दीडशे माणसं येऊन गेली. कुणीतरी लिहिलं होतं, ‘डोळे नाहीत तरी माझ्याकडेच बघतायत.’ तिला इतका आनंद झाला की आईला न विचारता तिनं साजूक तुपातला शिरा केला, आणि कशाबद्दल गं, असं आईनं विचारल्यावर ‘सहज’ म्हणाली.

बाबा, दिवाकर गुरुजी, पंचवटीतले क्षेत्रोपाध्ये. यात्रेकरू गंगेवर, म्हणजे गोदेवर, पितरांचं करायला यायचे, आणि कोण आलं, कुठून आलं, कुणाचं केलं, ते चार पिढ्या ह्या घरातल्या वह्यांत लिहिलं जात होतं. लाल कापडात बांधलेल्या बासष्ट वह्या. त्यातल्या दोन वाळवीनं खाल्ल्या तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाले, “तुझ्या त्या यंत्रात ह्यांचे फोटो ठेवता येतात का?” येतात म्हटल्यावर त्यांनी अटी घातल्या. आंघोळ केल्याशिवाय वहीला हात लावायचा नाही. वही उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. आणि यजमान समोर नसताना वहीतलं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही.

“का?”

“नाव घेतलं की पितर उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. त्याला पाणी दिल्याशिवाय परत धाडायचं नसतं.”

ती हसली होती. मग त्यांनाही हसू आलं होतं, पण अट त्यांनी मागे घेतली नव्हती. आता ते हसणं तिला दिवसातून चार-पाच वेळा आठवे. चाळीस नावं, आणि अकराशे माणसांनी आपापल्या घरी बसून वाचलेली; त्यातल्या कितीकांनी ओठ हलवून वाचली असतील… आणि पाणी? मी तर त्यांना पाण्यातच उभं केलंय, वर कुणी ओंजळभर दिलेलं नाही.

पण ही भीती नंतरची. पहिला निरोप आला तेव्हा भीती नव्हतीच. भारतनं लिहिलं होतं, ‘ताई, तेविसावा स्वार मंगळू सावळीराम! माझ्या पणजोबांचं नाव सेम टू सेम. भारी वाटलं.’ तिनं खाली हसरा चेहरा टाकला होता. हसरा चेहरा! चार दिवसांनी दुसरा निरोप आला. ‘ताई, चित्र मोठं करून पाहिलं. तेविसाव्याच्या तोंडावर आडवी चीर आहे. हा अंगठा माझ्या आजोबांचा आहे. लहानपणी विळा लागला होता. रेशन दुकानात दर महिन्याला मीच त्यांचा अंगठा शाईत धरतो, मला पाठ आहे. नाव पणजोबांचं आणि अंगठा आजोबांचा कसा? आजोबा जिवंत आहेत.’

वाचता वाचता तिला कळलं, आणि कारण इतकं सोपं होतं की लाज वाटावी. मेलेला माणूस अंगठा देत नाही. अंगठा देतो तो त्याचं करायला आलेला. नाव मेलेल्याचं, अंगठा जित्याचा — प्रत्येक पानावर, प्रत्येक ओळीत हेच होतं, आणि उपाध्यांच्या घरात चोवीस वर्षं काढलेल्या मुलीला ते दिसलं नाही. कारण तिनं वहीचं पान पाहिलं होतं, वही भरताना कधी पाहिली नव्हती. त्या वेळी घरातल्या बायका आत असायच्या. तिनं चाळीस मुलगे आपापल्या बापांच्या नावानं पुरात उतरवले होते. बहुतेक आता नसतीलच, वही एकोणीसशे पन्नासच्या आगेमागेची. पण एक होता. शहाऐंशी वर्षांचा झिपरू मंगळू होता.

चित्र तिनं त्याच घटकेला काढून टाकलं. काढून टाकलं म्हणायचं आपलं. कुणी ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावलं होतं, कुणी दुसऱ्या दोन कम्युनिट्यांत नेलं होतं, एका हौशी पोरानं त्याला टापांचा आवाज जोडला होता, आणि एकानं नावं नीट वाचता येत नाहीत म्हणून ती ठळक करून पुन्हा टाकली होती. तिनं हातापाया पडून सगळ्यांना निरोप धाडले. ‘मॅडम, एवढं काय, क्रेडिट तुम्हालाच दिलंय,’ अशी उत्तरं आली.

आणि गेल्या गुरुवारी तिसरा. ‘आजोबा भर दुपारी अंगणाकडे तोंड करून विचारतात, हाऊ घोडा कोना शे? म्हणजे हा घोडा कुणाचा? आमच्या गल्लीत कुणाकडे घोडा नाही. चित्र मी त्यांना दाखवलेलं नाही. दाखवलं तरी दिसणार नाही, त्यांचे दोन्ही डोळे गेलेत.’

स्वानंदीनं गोळी आत टाकली, झाकण फिरवलं. बाण हलला, अगदी सुरळीत.

‘ताई, तुम्ही उत्तर देत नाही. नावं आमच्या पंचवटीच्या उपाध्यांच्या वहीतलीच असणार, दुसरीकडे कुठे असतील? आज आजोबांना घेऊन त्यांच्याकडे चाललोय. आजोबा ऐकत नाहीत. सारखं म्हणतात, मना अंगठा माले वापस द्या.’

सकाळी सहाचा निरोप होता. पडद्यावरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते, आणि ती उठायच्या आत बाहेरून बाबांचा आवाज आला — यजमान आले की त्यांचा आवाज अर्धा स्वर वर चढत असे, तसा चढलेला.

गल्लीच्या तोंडापर्यंतच जीप येते, तिथून भारतनं म्हाताऱ्याला पाठकुळी आणलं होतं. ती दाराआडून पाहत राहिली. भारत तिला वाटला होता त्यापेक्षा लहान आणि काळासावळा निघाला. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, घामानं भिजलेली मान, आणि त्या मानेभोवती दोन वाळलेले हात. त्यानं आजोबांना चटईवर अलगद ठेवलं, पाय नीट केले, टोपी सारखी केली. किती जपून करतोय हा सगळं, तिच्या मनात आलं. आणि मग आपण काय पाहतो आहोत ते ध्यानात येऊन ती दचकली, कारण ती भारतकडे पाहतच नव्हती. ती म्हाताऱ्याचा कान पाहत होती. मोठा, पातळ, उजेड आरपार येणारा कान, आणि गालाचं हाड ज्या ठिकाणी खाली बसतं तिथली सावली… ही सावली मला हवी होती तेव्हा सुचली नाही. तिचे हात नुसते बाजूला लोंबत होते, पण आतून ती रेघ ओढत होती.

“छप्पन्न वर्षांनी!” बाबा म्हणत होते. “माझ्या वडिलांच्या वेळेला आला होतात. ह्याला म्हणतात ओढ. स्वानंदी, मालेगाव प्रांताची एकोणिसावी वही आण. हात धुऊन.”

तिनं हात धुतले. वही आणली. ती वही हातात जड लागते हे तिला आजवर कळलं नव्हतं. बाबांपुढे ठेवून ती आत जायला वळली, तर बाबा म्हणाले, “थांब इथेच.” का म्हणाले, कुणास ठाऊक.

भारतनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. “गुरुजी, राग मानू नका. एक इचारू?”

“विचारा की.”

“हे चित्र इंटरनेटवर हाय. भुतांचं हाय. ह्यातली नावं आमच्या तिकडची हायेत, आन् हा अंगठा… आमचा म्हातारा त्या दिवसापासून जेवत नाय. तुमच्या वहीचे फोटो कोनी नेले का, एवढंच सांगा.”

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. कागद हातभर लांब धरून ते पाहत राहिले. बाहेर भाजीवाली मेथी मेथी ओरडत गेली.

“चित्र चांगलं काढलंय,” बाबा म्हणाले. “हात आहे.”

आणि तिला — छे, हे सांगूच नये कुणाला — तिला आनंद झाला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा बाबांनी तिचं चित्र चांगलं म्हटलं होतं. लख्खकन झाला आणि लगेच विझला, पण झाला.

बाबांनी वही उघडली. पुठ्ठा यजमानांकडे आणि पान स्वतःकडे, ही त्यांची नेहमीची पद्धत. बोट ओळीओळीनं खाली उतरत आलं. ती बाजूला उभी होती, तिला पान दिसत होतं. बोट मंगळूच्या नावाशी आलं, आडवं सरकत समासात गेलं आणि अंगठ्यावर थांबलं. आडव्या चिरेवर. मग त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग पानाकडे. मग बोट वर चढलं, वरच्या नावावर, त्याच्या वरच्या, पुन्हा कागदावर — बाविसावा, एकविसावा… सगळी नावं त्याच क्रमानं होती, क्रम बदलण्याइतकंही तिला सुचलं नव्हतं. घरात ह्या वह्यांना हात लावणारी माणसं दोन. यंत्र एकीचंच.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं, ओरडले असते, थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली आणि उजवा हात वहीवर पालथा ठेवला.

“नाही. हा अंगठा तो नव्हे. मंगळू नावाची माणसं गावोगाव असतात. ह्या वहीतलं काही बाहेर गेलेलं नाही. गंगेची शपथ.”

भारतचे खांदे खाली आले. “तुम्ही म्हनता म्हंजे झालं गुरुजी,” तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर इतकं खरं समाधान पसरलं की स्वानंदीला ते पाहवेना. बोल, ती स्वतःला म्हणत होती, आत्ता बोल, एक वाक्य आहे, मी केलं म्हण, दोन शब्द आहेत. पण बोलली असती तर खोटे बाबा ठरले असते. शपथ घेऊन झाली होती. कोणतंही काम अर्ध्यात न सोडणाऱ्या, पळीभर पाणी सांडलं तरी संकल्प पुन्हा पहिल्यापासून म्हणणाऱ्या माणसानं तिच्यासाठी गंगा खोटी केली होती, आणि आता तिचं खरं बोलणं हे त्यांच्यावरच उलटणार होतं.

म्हाताऱ्यानं मान वळवली. पांढरे पडलेले डोळे बरोबर तिच्या दिशेला आले.

“हाऊ घोडा कोना शे?”

“टांग्याचा असेल, आजोबा,” गुरुजी चटकन म्हणाले. “देवळापाशी उभे असतात.” मग सवयीनं पुढे, “आला आहात तर निशाणी करून जा. आलेल्या यजमानानं तसं जाऊ नये.”

शाईची डबी पुढे आली. भारतनं सराईतपणे आजोबांचा अंगठा धरला, बुडवला, नव्या पानावर टेकवला, उचलला. तिघंही पानाकडे पाहत राहिले. काळा लांबट ठिपका उमटला होता आणि त्यात आडवी पांढरी चीर. बाकी काही नाही. एकही रेष नाही.

भारतनं पुन्हा बुडवला. पुन्हा तेच.

“म्हातारपणी रेषा झिजतात,” बाबा म्हणाले. “शेतातलं काम केलेले हात.”

“हो, पन मागल्या महिन्यात चांगल्या उमटल्या…” भारत म्हणाला आणि थांबला. गुरुजींच्या शब्दावर शंका घेतल्यासारखं होईल म्हणून थांबला असावा. म्हाताऱ्यानं दुसऱ्या हाताची बोटं त्या अंगठ्यावरून सावकाश फिरवली.

“पुसाई गया,” तो म्हणाला. तक्रार नव्हती. पाऊस थांबला, असं सांगावं तसं.

ते गेले. भारतनं वाकून गुरुजींच्या पायाला हात लावला, तिलाही “येतो ताई” म्हणाला — कम्युनिटीत म्हणत असे तसंच ताई — आणि आजोबांना पाठीवर घेऊन गल्ली उतरत गेला. वळणापर्यंत तो पातळ कान तिला दिसत राहिला.

बाबा जागचे हलले नाहीत. आता विचारतील. तिनं सगळं मनाशी जुळवून ठेवलं, कुठून सांगायचं, काय आधी. आई आतून पानं घेऊ का म्हणून विचारून गेली. बाबांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला, आणि लेखणी तिच्यापुढे धरली.

“लिही.”

“मी?”

“माझा हात आज चालत नाहीये.”

खरंच चालत नव्हता. बोटं पाण्यात गारठल्यासारखी मिटेनात. ह्या वहीत घरातल्या बाईनं आजवर अक्षर लिहिलं नव्हतं, आणि हा मान होता, की शिक्षा, की दोघांनी मिळून करायचं पाप, ते त्यांच्या आवाजावरून कळेना. ती त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी तिथी सांगितली, तिनं लिहिली. गाव सांगितलं, तिनं लिहिलं.

“आता नाव. आधी दोन बोटं जागा सोड.”

“कशाला?”

“जिवंत माणसाच्या नावाआधी सोडायची असते. पुढे ‘कै.’ घालायला.” बाबांचा आवाज अगदी रोजचा होता. “नाहीतर ऐन वेळी दाटीवाटी होते.”

तिनं दोन बोटं मोजून सोडली आणि ‘झिपरू मंगळू’ असं लिहिलं. अक्षर सुरेख आलं. बाबा उठून आत गेले. चुळा भरल्याचा आवाज आला, पाट सरकवल्याचा आला, आणि ती त्या ओळीसमोर एकटी उरली. कोऱ्या जागेवर तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. आता म्हातारा जेवत नाही. उन्हाळा तोंडावर आहे. अशा वयाची माणसं चैत्र-वैशाखात… आणि एकदा तो गेला की अंगठा मेलेल्याचाच झाला, चित्रात आहे तसा. मग चूक अशी काही उरतच नाही. मग तो परत मागणारं कुणी नाही, बाबांच्या शपथेला आडवं येणारं कुणी नाही, मला बोलायला हवं होतं असं म्हणायचंही कारण नाही. सगळं नीट होईल. हे सगळं ती शांतपणे, एखाद्या पत्रिकेची मांडणी ठरवावी तसं ठरवत गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कशाची इच्छा करतो आहोत. अंगावर काटा यायला हवा होता. ती वाट पाहत बसली, पण तो आला नाही. आतून आईनं जेवायला हाक मारली. लवकर जावा, स्वानंदीला वाटलं. आणि दोन बोटांच्या त्या जागेत ‘कै.’ किती मोठं बसेल, हे तिनं डोळ्यांनी मापून घेतलं.